टाचणीची भोकं असलेली नोट रद्दी कशी?

रंगूनकर

परवा या चर्चेत 'कडकनोट' यांनी नव्या नोटासंग्राहकांना सल्ला दिला होता. त्यातली दोन वाक्यं दोन दिवस डोक्यातून जात नाहीत: "ब्रिटिश इंडियाची नोट घ्यायची तर सीलबंद होल्डरमधली, 65 च्या वरच्या ग्रेडची घ्या. भोकं, घड्या, लिखाण असलेली नोट म्हणजे रद्दी." (ग्रेडिंगवाल्या कंपन्या नोट तपासून तिला 70 पैकी आकडा देतात आणि प्लास्टिकच्या होल्डरमध्ये सीलबंद करतात, ती ही ग्रेड.) खाली कितीतरी जणांनी आभार मानलेत, त्यांत कॉलेजातली पोरंही आहेत. म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी भोकांचं बघू. आपल्याकडे नोटांच्या गड्ड्या तारेच्या टाचणीनं, म्हणजे स्टेपलनं, टाचल्याच जायच्या. 2001 साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना टाचणं बंद करायला लावलं, तोवर हेच चालू होतं. त्यामुळे सहाव्या जॉर्ज राजाची जी नोट कुणाच्या खिशातसुद्धा गेली नाही, तिलाही बाजूला भोकं असतात. गड्डीत बांधली तेव्हाच ती पडलेली आहेत. त्यात त्या नोटेचा काय दोष?

आता त्याआधीच्या नोटा घ्या. 1861 च्या कायद्यानं नोटा काढायचा हक्क बंगाल, मुंबई, मद्रासच्या प्रेसिडेन्सी बँकांकडून सरकारकडे गेला. एका बाजूनं छापलेल्या त्या नोटा आपापल्या सर्कलपुरत्याच, म्हणजे ज्या विभागासाठी काढल्या तेवढ्यातच, चालायच्या. मुंबई सर्कलची नोट कलकत्त्यात वटवून देण्याचं बंधन सरकारवर नव्हतं, मग सराफ बट्टा कापून घ्यायचे. लांबच्या पेढीला पैसे पाठवायचे तर व्यापारी नोट मधोमध कापून अर्धी टपालात टाकायचे. ती पोचल्याचं पत्र आलं की उरलेली अर्धी पाठवायची. तिकडे दोन्ही अर्ध्या एकत्र चिकटवल्या की नोट वटायची. ही पद्धतच होती. आज अशी चिकटवलेली नोट समोर आली की आपण म्हणतो, "फाटकी आहे, सोडा." अहो, टपालातून नोट कशी जायची हे सांगणारी तीच तर नोट आहे!

आणि आता घरचं. माझे चुलत आजोबा रंगूनला एका पेढीवर कारकून होते. डिसेंबर 1941 मध्ये बाँब पडायला लागल्यावर ते निघाले आणि आसामच्या बाजूनं चालत देशात आले. कोटाच्या अस्तरात त्यांनी पाचव्या जॉर्जच्या दहा रुपयांच्या नोटा शिवून आणल्या होत्या. ब्रह्मदेश 1937 च्या एप्रिलमध्ये हिंदुस्थानापासून वेगळा झाला, तेव्हा अशा नोटांवर 'लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली' (फक्त ब्रह्मदेशात वैध चलन) असं लाल अक्षरांत छापून त्या तिकडे चालवल्या होत्या. इकडे त्या कुणी घेईना. त्यातली एक माझ्याकडे आहे. तिला आठ घड्या आहेत, अस्तराच्या सुईची भोकं आहेत आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेला आकडा आहे. कडकनोट, ही तुमच्या हिशेबात रद्दी आहे का? सरळ उत्तर द्या.

कडकनोट

सरळ उत्तर देतो. तुमच्यासाठी ती अनमोल आहे. बाजारासाठी ती आठ घड्यांची, सुईच्या भोकांची, लिहिलेली नोट आहे. मी सल्ला बाजारात उतरणाऱ्यांना दिला होता, तुमच्या घराण्याला नाही.

तुमची एक चूकही दाखवतो. ग्रेडिंगवाले टाचणीच्या भोकांना सरसकट मारत नाहीत. नोट निघतानाच टाचली गेली असेल तर तसा शेरा लेबलवर लिहितात. तुम्ही शेवटचं लेबल कधी वाचलंय? 70 पैकी आकडा तेवढा बघून चिडायचं, हे बरोबर नाही.

आणि गोष्टींचं म्हणाल तर वीस वर्षांत कोटाच्या अस्तरातून आलेल्या नोटा मी डझनावारी बघितल्यात. प्रत्येक विकणाऱ्याकडे एक आजोबा असतात. तुमचे खरे असतील, पण नवख्या पोरानं ते कसं ओळखायचं? तो गोष्टीचे पैसे मोजतो आणि घरी इस्त्री मारलेला, धुतलेला कागद घेऊन जातो.

मानसी_डोंबिवली

मी संग्राहक नाही, पण इथे बोलायचा हक्क मला आहे असं वाटतं.

बाबांनी तीस वर्षं नोटा जमवल्या. दर बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे, आईला सांगायचे ऑफिसात उशीर झाला. ते गेल्यावर आम्हाला पैशाची नड होती. एक डीलर घरी आला. अडीच रुपयांची नोट त्यानं उजेडाला धरली, म्हणाला घडी आहे, डाग आहे, आणि अख्ख्या अल्बमचे मिळून जे पैसे दिले त्यात आईचं एक महिन्याचं औषधही आलं नाही. दीड वर्षानं प्रदर्शनात तीच नोट दिसली. नंबर आईच्या वहीत लिहिलेला होता, म्हणून ओळखली. होल्डरमध्ये होती आणि किंमत बघून मी तिथेच खाली बसले.

बाबांनी ती आधीच ग्रेड करून ठेवली असती तर आम्हाला कुणी असं फसवू शकलं नसतं. रंगूनकर, तुम्हाला प्लास्टिकचा राग येतो. आमच्यासारख्या, नोटेतलं काही न कळणाऱ्या घरच्या माणसांना त्या प्लास्टिकचाच आधार असतो.

अडीचरुपया

ताई, वाचून फार वाईट वाटलं. अडीच रुपयांची ती नोट 1918 च्या सुरुवातीला आली. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून आधी 30 नोव्हेंबर 1917 ला एक रुपयाची आणि पाठोपाठ ही, दोन रुपये आठ आण्यांची. 1 जानेवारी 1926 पासून दोन्ही बंद. तुमच्या बाबांची नजर चांगली होती.

फसवलं ते माणसानं, घडीनं नव्हे, एवढं मात्र म्हणेन.

सह्यकडा

घडी आणि भोकं यावर भांडताय, पण त्या नोटेवर तोंड कुणाचं आहे? ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्या राजाचं चित्र लाखभर रुपयांना घ्यायचं आणि जपून ठेवायचं! शिवराई नाणी जमवा की. माझ्या पणजोबांनी चले जावमध्ये लाठ्या खाल्ल्यात, त्यांच्या घरात पाचवा जॉर्ज कधी येणार नाही.

अडीचरुपया

शिवराई माझ्याकडेही आहेत. पण सहाव्या जॉर्जच्या नोटेवर तोंडाच्या जोडीला सहीही असते, ती बघितलीत का? 1943 च्या ऑगस्टनंतरच्या रिझर्व्ह बँकेच्या कारभारात ती सही आहे चिंतामणराव देशमुखांची. महाड तालुक्यातल्या नाते गावचा माणूस, बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. मी पहिली नोट घेतली ती त्या सहीसाठी. शाळेत त्यांचं नाव ऐकलं होतं, नोटेवर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

सह्यकडा

सही आपल्या माणसाची आणि राज्य त्यांचं. 1944 साली सरकारनं त्यांना 'सर' केलं, तेही सांगा ना.

अडीचरुपया

सांगतो. आणि 1956 साली मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून केंद्राचं अर्थमंत्रिपद त्यांनी सोडलं, तेही सांगतो. अर्धंच सांगायचं असेल तर देशमुखांचं नाव घेऊ नका. संयुक्त महाराष्ट्रासाठी खुर्ची सोडणारे किती होते?

सह्यकडा

1956 बद्दल माझा वाद नाही. तिथे हात जोडतो. पण किताब घेतला हे खरं आहे आणि मी ते म्हणणार.

कडकनोट

विषय नोटांच्या ग्रेडिंगचा होता.

नाशिकरोड

तरी देशमुख निघालेच आहेत तर मला थोडं बोलू द्या.

माझे आजोबा नाशिकरोडच्या छापखान्यात होते. 1928 मध्ये नोटा तिथे छापायला लागायच्या आधी त्या विलायतेहून बोटीनं यायच्या. घरात ते कामाबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. सुटताना झडती व्हायची, तसं तोंडालाही शिस्तीचं कुलूप बसलं असावं. एकदाच बोलले. मी कॉलेजात असताना एका पुस्तकात 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असं छापलेली सहाव्या जॉर्जची नोट होती. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "ही आमची."

फाळणी झाली तरी 30 जून 1948 पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक रिझर्व्ह बँकच होती, गव्हर्नर देशमुखच. 1 एप्रिल 1948 पासून तिकडे ज्या नोटा निघाल्या त्या इथेच छापलेल्या. वर इंग्रजी अक्षरं, खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान'. काश्मीरमध्ये लढाई चालू आणि नाशिकरोडला आमचे आजोबा पाकिस्तानच्या नोटा मोजताहेत. त्यांना तेव्हा काय वाटलं, हे मी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

सह्यकडा, त्या नोटेवर तोंड कुणाचं का असेना, हात आमच्या घरातले होते.

सह्यकडा

हे मला माहीत नव्हतं. नोट घेणार नाहीच, पण तुमच्या आजोबांना नमस्कार.

कडकनोट

नाशिकरोड, तुम्ही ज्या नोटेचं बोलताय तिच्यातच सगळ्यात जास्त भेसळ आहे, म्हणून परत मुद्द्यावर येतो. साधी सहाव्या जॉर्जची नोट घ्यायची, वर पाकिस्तानची किंवा बर्माची अक्षरं ठोकायची आणि कित्येक पट भावात विकायची, हा धंदा मी डोळ्यांनी बघितलाय. खरी अक्षरं छापखान्यात आलेली, ही मागाहून मारलेली. रंगूनकरांना भिंगाखाली फरक कळेल, अठरा वर्षांच्या पोराला नाही. होल्डर त्याला तिथे वाचवतो. रोमान्स वाचवत नाही.

रंगूनकर

मग त्या पोराला भिंग द्या! वॉटरमार्क बघायला शिकवा. जपान्यांनी युद्धात इतक्या हुबेहूब नोटा केल्या की सरकारला राजाचा बाजूनं दिसणारा वॉटरमार्क बदलून समोरून बघणारा करावा लागला, आणि नोटेत तार घालायला आपल्याकडे तेव्हापासून सुरुवात झाली. हे ज्याला माहीत आहे तो नोट उजेडाला धरतो. तुमच्या सल्ल्यानं चाललेला पोरगा लेबल वाचतो आणि नोट उलटूनही बघत नाही. प्रदर्शनात मी एकाला विचारलं, मागे किती भाषा आहेत? म्हणाला, "ग्रेड 66 आहे."

कडकनोट

होल्डर पारदर्शक असतो. उजेडाला तोही धरता येतो. न बघणारा माणूस होल्डर नसतानाही बघत नाही.

अडीचरुपया

कडकनोट, पण गोष्टीला बाजारात भाव नाही हे मला पटत नाही. शिराला बोटीचं काय? लंडनहून मुंबईला येताना 2 जुलै 1918 ला जर्मन पाणबुडीनं ती बुडवली. नोटांचे गठ्ठे वाहत किनाऱ्याला लागले. दहाच्या आणि पाचच्या नोटांवर सह्यासुद्धा झालेल्या नव्हत्या. बहुतेक गोळा करून नष्ट केल्या, थोड्या लोकांच्या घरी राहिल्या. त्यातल्या दहाच्या दोन 2024 मध्ये लंडनला लिलावात आल्या आणि जगभर बातमी झाली. बिनसहीची नोट म्हणजे कायद्यानं नोटच नव्हे. मग कशासाठी एवढी बातमी? बोटीसाठीच ना?

कडकनोट

त्या गठ्ठ्याच्या मधोमध असाव्यात, म्हणून खाऱ्या पाण्यातूनही कडक राहिल्या, हे त्याच बातमीत होतं. गोष्ट आणि कागद दोन्ही होतं. तरी ठीक आहे, गोष्टीला भाव आहे, मान्य. पण ती बोट नोंदीत आहे, नोटेवर तारीख आहे. कोटाच्या अस्तराची नोंद कुठे आहे?

सह्यकडा

मुंबईसाठी निघालेली नोट लंडनमध्ये विकतात आणि आपण बातमी वाचतो. यावर कुणीच काही बोलणार नाही का?

रंगूनकर

त्यावर वेगळं लिहा, मी येईन.

कडकनोट, नोंदीचा तुमचा मुद्दा मला लागला, खोटं कशाला बोलू. कोट मी लहानपणी बघितलाय, पुढे आईनं बोहारणीला दिला. चुलत आजोबांचं एक पत्र आहे, 1942 च्या मे महिन्यातलं, त्यात "तिकडच्या नोटा कुणी घेत नाही" असं वाक्य आहे. ते पत्र आणि नोट एकत्र ठेवायची हे आज सुचलं. 'रद्दी' हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्या.

कडकनोट

पत्र असेल तर मी पहिल्यांदा तेच विचारलं असतं. त्या नोटेपुरता शब्द मागे. सल्ला आहे तसाच राहील.

मानसी_डोंबिवली

एक विचारू? डीलरनं जे नेलं नाही त्यात एक रुपयाच्या सहाव्या जॉर्जच्या बाराएक नोटा आहेत, टाचणीसकट. टाचणी गंजलीय, वरच्या नोटेला तांबडा डाग पडलाय. लॅमिनेट करून ठेवू का? शेजारचे काका तसं म्हणाले.

रंगूनकर

लॅमिनेट अजिबात नको! टाचणीलाही हात लावू नका, ती गड्डी तशीच राहू द्या. बाबांनी तशीच ठेवली होती ना.

कडकनोट

लॅमिनेट नको, इथे आमचं एकमत. पण टाचणी काढलीच पाहिजे. गंज पुढच्या पावसाळ्यात खालच्या नोटांतही उतरेल. ओढू नका, भोक फाटेल. मागची टोकं लाकडी काडीनं हळूच उभी करा आणि वरून सोडवा. हात कोरडे ठेवा, आणि डागाला पाणी लावू नका.

अडीचरुपया

काढण्याआधी टाचणीसकट फोटो काढा, वरच्या आणि खालच्या नोटेचा नंबर आईच्या वहीत लिहा.

रंगूनकर

आणि टाचणी फेकू नका. कागदी पाकिटात घालून गड्डीसोबत ठेवा.

कडकनोट

सोबत नको. वेगळ्या डबीत.