ओव्यांचं ‘संकलन’ की ‘संपादन’?

अंबाजोगाईहून: आईच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर घेतल्या, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ केल्या. आता गावातल्या पोरांसाठी त्याची एक पान माहिती मराठीत लिहायलोय. रेकॉर्डिंगला ‘ध्वनिमुद्रण’ आहेच, आकाशवाणीनं तो शब्द आपल्या कानात मुरवलाय. अडलंय ते एडिटिंगपाशी. संपादन म्हणू की संकलन?

नांदेडहून: संकलन. मराठी सिनेमात एडिटरला संकलकच म्हणतात, विषय संपला.

परभणीहून: दादा, सिनेमात चालतं. तिथं सुटे तुकडे एकत्र जोडायचे असतात. पण ‘ओव्यांचं संकलन’ वाचल्यावर माणूस म्हणणार, ह्यांनी गावोगाव हिंडून ओव्या गोळा केल्या. तुम्ही तर फक्त खोकला न् भांड्याचा आवाज काढलात. संपादन लिहा.

अंबाजोगाईहून: लिहिलं होतं ताई. चुलत्यांनी वाचून पहिला प्रश्न केला, “कुणाची जमीन जायली?” भूसंपादनानं तो शब्द आमच्याकडं पार नासलाय. (मुळात संपादन म्हणजे मिळवणंच. आपण विश्वाससुद्धा संपादन करतो. तेव्हा चुलते काही चुकले नाहीत.)

लातूरहून: एका शब्दात सगळं कोंबायचा हट्ट कशाला? तुकडा कापला तर ‘कापला’ लिहा, पुढं नेला तर ‘सरकवला’. पंख्याची घरघर काढताना आधी नुसत्या घरघरीचा तुकडा निवडून सॉफ्टवेअरला ओळख करून द्यावी लागते, मग ते तेवढी घरघर सगळीकडून दाबतं. त्याला ‘कापणं’ म्हणलं तर पोरं पंख्याबरोबर ओवीही कापतील. आणि एक सांगतो, ट्रॅकला, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या ओळीला, ‘पट्टी’ लिहू नका. भजनीबुवा सुराची पट्टी समजून विचारतील, काळी दोन की पांढरी चार?

नांदेडहून: बरं, मग कॉम्प्युटर आवाजाचं सॅम्पल घेतो, त्याला काय? ‘नमुना’ तर आता माणसालाच म्हणतात. “काय नमुना हाय!”

परभणीहून: ‘वानगी’ कामून नको? मोंढ्यात सोयाबीनची मूठभर वानगी बघूनच भाव ठरतो. ‘वानगीदाखल’ आपण रोज लिहितो. शेतातून पाहुण्याकडं धाडतो तो वानोळा वेगळा, त्याच्याशी घोळ घालू नका.

लातूरहून: शब्द देखणा आहे, पण इथं फसतो. मोंढ्यात एका मुठीवर अख्ख्या पोत्याचा अंदाज बांधतात. सीडीसाठी आवाजाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात, आणि पुढं वाजतं ते त्या मापांवरूनच. बाजूला पोतं उरतच नाही. आकडा एवढा मोठा, कारण माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि मापं त्याच्या दुपटीहून जास्त घ्यावी लागतात. म्हणून मी ‘माप’ म्हणेन. सेकंदाला ४४,१०० मापं. पायली-आदोलीवाल्यांना लगेच कळतं.

परभणीहून: मान्य. पण मग प्रत्येक माप किती बारीक, ते सांगणाऱ्या बिटला काय म्हणायचं?

लातूरहून: बिट. १६ बिट म्हणजे मापाच्या काठीवर ६५,५३६ खुणा. तिथं मराठीची हौस नको.

नांदेडहून: आमच्या स्टुडिओत क्लिपिंगला ‘आवाज फाटला’ म्हणतात. हा शब्द कोणी बदलू नये. आकडा वरच्या टोकाला गेला की पुढची लाट सपाट होते, वरचं जे गेलं ते गेलंच. नंतर ठिगळ लावता येतं, पण मूळ कापड मिळत नाही.

अंबाजोगाईहून: ‘फाटणं’ न् ‘माप’ दोन्ही घेतले. एडिटिंगचं असं झालं, की काल आईला साफ केलेली ओवी ऐकवली. ती म्हणली, “खोकला निसलास का रं?” भाजी निसतात तसं. सडका देठ काढायचा, पाला तसाच ठेवायचा.

परभणीहून: अहो, हाच लिहा की!

अंबाजोगाईहून: मथळ्यात ‘एडिटिंग’च ठेवतो. सॉफ्टवेअरच्या मेनूत पोरांना तोच दिसणार. खाली पहिल्या वाक्यात लिहितो, ‘आधी आवाज निसून घ्या.’

नांदेडहून: निसा. पण जात्याची घरघर काढू नका.