मधुमेही पायात कॅल्शियममुळे डॉपलर अडतोय, पुढची तपासणी कोणती?

मदत हवी आहे. रुग्णाचं वय 68, मधुमेह, ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) 24 म्हणजे बरीच कमी, डायलिसिस नाही, पेसमेकर नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाची जखम सहा आठवडे भरत नाहीये, ताप किंवा पू नाही. एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) 1.52 आला. म्हणजे घोट्याजवळच्या धमन्या कफने दबतच नाहीत, त्यामुळे हा आकडा बघून निर्धास्त होणं धोक्याचं. अंगठ्याला जखम असल्याने दाब शेजारच्या बोटावर घेतला: 34 मिमी पारा.

डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) दोनदा केला. गुडघ्यामागच्या धमनीपर्यंत लहर ट्रायफेसिक (तीन टप्प्यांची, निरोगी) आहे. त्याखाली पोस्टेरियर टिबियल या पोटरीतल्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम इतकं सलग की मागे काळी सावली पडते आणि कलर तुटक-तुटक भरतो. मंद प्रवाह दिसावा म्हणून मशीनच्या पीआरएफ आणि वॉल फिल्टर या सेटिंग कमी केल्या, कोन 60 अंशांच्या आत ठेवला, खोली उबदार करून आणि पाय खाली सोडूनही पाहिलं. घोट्याशी लहर मोनोफेसिक (एकाच टप्प्याची), हळू चढणारी. तळव्यात अ‍ॅक्सिलरेशन टाइम (लहर शिखरापर्यंत चढायला लागणारा वेळ) 210 मिलिसेकंद, म्हणजे लांबलेला. अडथळा आहे हे नक्की. पण तो नुसता अरुंदपणा आहे की पूर्ण बंद, आणि किती लांबीचा, हेच कळत नाही.

सीटी अँजिओत आयोडीन कॉन्ट्रास्टची भीती, शिवाय एवढ्या बारीक नळीत कॅल्शियमच्या ब्लूमिंगने (ते प्रत्यक्षापेक्षा मोठं दिसल्याने) पोकळी झाकली जाईल. गॅडोलिनियम हे एमआरआयचं कॉन्ट्रास्टही शक्यतो नको.

रुग्ण अर्धा तास स्थिर झोपू शकतो. अशा वेळी आधी कॉन्ट्रास्टविना क्विस एमआरए (धमन्या दाखवणारा एमआरआयचा एक प्रकार) करावा, की थेट कार्बन डायऑक्साइड अँजिओग्राफी (आयोडीनऐवजी हा वायू धमनीत सोडून काढलेली एक्स-रे चित्रं) करून पोटरीखाली तेवढं थोडं आयोडीन वापरावं? आणि क्विसमध्ये टिबियल धमन्यांचा अरुंदपणा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसल्याचा अनुभव कुणाला आहे का?