शब्दचर्चा : 'डिस्प्ले टाइपफेस'ला काय म्हणावं?

प्रश्न : जुन्या पोस्टरवर असतात तशा जाडजूड, नक्षीदार, 'विंटेज' अक्षरांच्या फाँटबद्दल लिहितोय. टाइपफेसला 'टंक' ठीक, पण 'प्रदर्शनी टंक' कानाला खटकतं. 'ठळक टंक' चालेल? की सरळ 'शोभेचा टंक'?

उत्तर : 'ठळक' नको. तो शब्द बोल्डसाठी रुळलाय, आणि बोल्ड म्हणजे एकाच टंककुलातलं (एका घडणीच्या टंकांच्या संचातलं) जास्त वजन, म्हणजे रेघांची जास्त जाडी. त्याची साधी आवृत्तीही असते. पोस्टरचा टंक बहुधा जन्मतःच जाड. 'शोभेचा' तर त्याहून वाईट, त्यात बिनकामाची छटा आहे. ही अक्षरं कामासाठीच घडली. 19व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या लॉटरीच्या नि नाटकांच्या जाहिराती लांबून वाचता यायला हव्या होत्या. पुस्तकी टंक नुसते मोठे करून भागेना, तेव्हा 'फॅट फेस' आले : उभ्या रेघा थोराड, आडव्या केसाएवढ्या बारीक. तोच टंक 10 पॉइंटात, म्हणजे पुस्तकातल्या मजकुराएवढा छापला तर बारीक रेघा उडून जातात. म्हणजे खरी खूण नक्षी नव्हे, आकारमान. मी 'मथळ्याचा टंक' म्हणेन.

दुसरं मत : मथळा म्हटलं की वर्तमानपत्र आठवतं. पोस्टरवर सगळाच मथळा असतो! पण 'प्रदर्शनी'पेक्षा बरा, हे मान्य.

प्रश्न : आणि 'खिळे'? जुने छापखानेवाले तोच शब्द वापरत.

उत्तर : खिळा म्हणजे धातूचा, ओतीव. पोस्टरची मोठी अक्षरं धातूत ओतली तर जड आणि महाग पडत, शिवाय थंड होताना पृष्ठभाग सपाट राहीलच असं नाही. न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्सनं 1827 मध्ये राउटर (फिरत्या पात्यानं लाकूड कोरणारं यंत्र) वापरून लाकडी अक्षरं मोठ्या प्रमाणावर कापायला सुरुवात केली. त्यांना 'लाकडी ठसे' म्हणा. संगणकावरच्या फाँटला मात्र ना खिळे, ना ठसे.

तिसरं मत : 'विंटेज'साठी 'प्राचीन' लिहू नका, शिलालेख वाटेल. 'जुन्या वळणाचा' हा तयार शब्द आहे, आणि वळण अक्षराचंच असतं. फक्त कुठल्या काळाचं जुनं, ते सांगा. 'कूपर ब्लॅक' हा जाड, गोलसर टंक 1922 चा. पण 1960-70 च्या दशकांत तो इतका वापरला गेला की अनेकांना तो तेव्हाचाच वाटतो.

पुरवणी : देवनागरीत असा टंक करताना जाडीला लवकर मर्यादा पडते. 'क्ष' किंवा 'ज्ञ' घ्या. रेघा फुगवल्या की आतल्या पोकळ्या बुजतात, आणि वर शिरोरेखाही जागा खाते. म्हणून वर्णनात 'जाड' एवढंच न लिहिता पोकळी किती उरली तेही लिहावं. उदा. 'जुन्या वळणाचा, भरगच्च, पोकळी कमी असलेला मथळ्याचा टंक'. लांबलचक आहे खरं, पण फाँट न पाहताही कळतं.