पायाचा ऑर्गन: एक सूर थांबत नाही, तीन मुके, हवा टिकत नाही

सिंदेवाही (प्रश्न; खाली प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं गाव)

नाटक मंडळाचा पायाने मारायचा जुना लाकडी ऑर्गन आहे, इलेक्ट्रॉनिक नव्हे. पाच सप्तकं, दोन पायडल, समोर आवाज बदलायच्या अकरा खुंट्या, खाली गुडघ्याने ढकलायचा खटका. पावसाळाभर गोदामात होता. आता खर्जातली एक पांढरी पट्टी सोडली तरी वाजतच राहते. मधल्या सप्तकातले तीन सूर मुके आहेत. एक सूर जवळपास अर्ध्या सुराने उतरलाय. कितीही पाय मारा, हवा टिकत नाही. दोन खुंट्या ओढल्या की आवाज बसतो. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेतल्या नाटकांचे, प्रयोग लागतील. इथला पेटीवाला हातपेटीच दुरुस्त करतो. सुरुवात कुठून करावी? व्हॅक्यूम क्लीनरची मोटर बसवा असंही काही जण म्हणतात.

साकोली

भाऊ, आधी हवा, मग सूर. हवा गळत असताना रीडला, म्हणजे थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पट्टीला, हात लावला तर चांगले सूरही बिघडवून बसाल.

पेटीवाल्याला एक गोष्ट समजावून सांगा. हातपेटी हवा ढकलते. तुमचा ऑर्गन वर्णनावरून अमेरिकन धाटणीचा वाटतो, तो हवा ओढतो. मागची फळी काढून पाय मारा. मोठा भाता फुगण्याऐवजी आत मिटत गेला तर नक्की ओढणारा.

आता सगळ्या खुंट्या बंद करा, भाता पूर्ण मिटेपर्यंत पाय मारा आणि पाय काढून घ्या. अर्धा मिनिट तरी तो मिटलेला राहायला हवा. तसा राहिला, पण खुंटी ओढल्याबरोबर पट्टी न दाबताच उघडू लागला, तर गळती वर, पट्ट्यांखालच्या झडपांत आहे. खुंट्या बंद असतानाच भसकन उघडला, तर दोष भात्यात. पायडल दाबताना हलकं लागतं आणि फुसफुस ऐकू येते? मग पायडलच्या भात्यावरची बाहेरची चामड्याची झडप वळली आहे. उन्हाळ्यात चामडं वाळून कडा उचलतात, आणि पाय मारताना हवा मोठ्या भात्यातून न येता बाहेरूनच आत येते. ही झडप बदलणं तासाभराचं काम आहे. मऊ, पातळ चामड्याची पट्टी घ्या, दोन टोकांना चुका ठोका, ताण बेताचा ठेवा. फार ताणली तर उघडत नाही, सैल राहिली तर बसत नाही.

भात्याचं कापड घडीवर तडकलं असेल तर ठिगळ टिकत नाही, एका घडीवर लावलं की शेजारची फाटते. सगळं कापड बदला. रबर चढवलेलं सुती कापडच लागतं. रेक्झिन घडीला ताठ होतं आणि दोन उन्हाळ्यांत फुटतं. जुनं कापड फाडू नका, सोडवून घ्या, तोच तुमचा नमुना. चिकटवायला सरस वापरा: रात्रभर पाण्यात भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून पातळ करायचा, उकळू द्यायचा नाही. फेव्हिकॉल लावलात तर पुढच्या वेळी कापडाबरोबर लाकूडही निघेल. आणि जपा: मोठ्या भात्याच्या आत जोरदार स्प्रिंगा असतात. कापड सोडवण्याआधी फळ्या दोरीने आवळून बांधा.

ब्रह्मपुरी

वरचं बरोबर. आता सुरांचं.

थांबत नसलेला सूर बहुधा पावसाने आला आहे. पट्टीखाली एक लाकडी काडी असते, ती भोकातून खाली जाऊन झडप ढकलते. दमटपणात काडी फुगते आणि भोकात अडकून राहते. पट्ट्या उचलून ती काढा, बारीक काचकागदाने दोनचार वेळाच घासा, वर पेन्सिलीचं शिसं चोळा. तेल अजिबात नको, लाकूड आणखी फुगतं आणि धूळ धरतं. काडी मोकळी असूनही सूर वाजत राहिला, तर झडपेत कचरा आहे किंवा तिची स्प्रिंग सुटली आहे.

मुके सूर म्हणजे बहुतेक रीडमध्ये धुळीचा कण. रीडच्या टोकाला खाच असते. लोखंडी पातळ पट्टीचं टोक वाकवून आकडा करा, खाचेत घालून सरळ बाहेर ओढा. एका वेळी एकच काढा, साफ करा, तिथेच परत घाला. दहा एकदम काढल्या की अदलाबदल झालीच म्हणून समजा. साफ करायला कोरडा मऊ ब्रश. रीडच्या जिभेखालून, म्हणजे तिच्या थरथरणाऱ्या पातळ भागाखालून, पातळ कागदाची चिंधी सरकवली तरी पुरते. तोंडाने फुंकू नका, ओल बसते.

अर्ध्या सुराने अचानक उतरलेला सूर मात्र वेगळा. जीभ मुळाशी, रिव्हेटजवळ, चिरली असणार. ती घासून चढवू नका, तुटेल. जुन्या ऑर्गनमधली तशीच रीड मिळवून बदला. थोडाच उतरलेला सूर असेल तर टोकाकडे अगदी हलकं खरवडल्यावर चढतो. मुळाशी खरवडलं तर उतरतो. दोन खरवडण्यांमध्ये रीड परत घालून ऐका. आणि मोबाइलच्या ट्यूनरवरच्या ४४० हर्ट्झच्या ठरावीक स्वरावर नेऊ नका, आधी बाकीचे सूर कुठे आहेत ते बघा, ऑर्गन स्वतःशी जुळला पाहिजे. रीडच्या दोन ओळी एकत्र वाजवल्यावर सावकाश लहर येत असेल आणि ती एखाद्या खुंटीची खासियत असेल, तर तो दोष नव्हे. मुद्दामच तशी जुळवलेली असते. ती सरळ करू नका.

आरमोरी

मोटरचं सांगतो. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ ऑर्गनला लागते त्याहून कितीतरी जास्त असते. थेट जोडलात तर कापड फाटेल आणि सूर किंचाळतील. मधे हवा सोडणारी झडप घालावी लागते, आवाजही मोठा. नाटकात गायकाच्या श्वासाबरोबर पाय हलका-जड करता येतो, ते सुखही जाईल. माझं मत, नको.

पायडलचा पट्टा तुटला असेल तर खाटेची सुती निवार पायडलच्या पट्ट्याएवढी रुंद कापून लावा, नायलॉन घसरतं. उंदीर भात्यात शिरतात ते खालच्या उघड्या बाजूने, तिथे बारीक जाळी ठोका. ट्रॉलीवर नेताना उभाच बांधा, पाठीवर झोपवला की काड्या सरकतात.

सिंदेवाही

खुंट्या बंद करून पाहिलं. अर्धा मिनिट नाही, चार सेकंदांत उघडला. पायडल दाबताना डावीकडून फुसफुस आहे. आधी डाव्या भात्याची झडप बदलतो, मग पुन्हा मोजतो.

साकोली

उजवीकडची झडपही त्याच चामड्यातून कापून ठेवा. दोन्ही एकाच वेळी वाळतात.