प्रति: अनकट (न कापलेला) हिरा म्हणजे पोलकीच ना?

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, कारण फसगत इथेच होते. पोलकीत हिरा चिरलेला आणि वरून घासलेला असतो. मागे वर्ख देऊन तो कुंदनात बसवतात. खाणीतून निघाला तसाच खडा हवा असेल तर 'कच्चा हिरा' असंच स्पष्ट मागा.

माझी पहिली पसंती अष्टफलकाला, म्हणजे दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारख्या आकाराला. दहापट भिंगातून त्याच्या अंगावर बारीक त्रिकोणी खळगे दिसले की मन हरखून जातं. ती हिऱ्याच्या स्फटिकाची स्वतःची खूण. चिरा मात्र नीट तपासा. कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स मापनात सर्वाधिक म्हणजे १० असला तरी हिरा चार ठरावीक दिशांना दुभंगू शकतो. कडेपर्यंत गेलेली चीर असेल तर अंगठीसाठी नकोच, पेंडंटला एक वेळ चालेल. टोकं झाकणारं बंद कोंदणच करून घ्या. पिवळट, करडा रंग मला तरी कच्च्या खड्याला शोभतो.

भारतातलाच हवा असेल तर मध्य प्रदेशात पन्ना इथे सरकारी हिरा कार्यालय कच्च्या हिऱ्यांचा लिलाव करतं. परदेशी असेल तर किंबर्ले प्रमाणपत्राबद्दल, म्हणजे कच्चे हिरे बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे नाहीत या सरकारी दाखल्याबद्दल विचारा. २००३ पासूनचं हे प्रमाणपत्र एकेका खड्याला नसतं, आयात झालेल्या खेपेला असतं.