वाघ दिसला म्हणून नव्हे: ताडोबाची जिप्सी, अंदमानची बोट आणि टीप

प्रेषक: मीनल, ब्रिस्बेन
विषय: डिसेंबरची सहल, टीप कुणाला आणि किती?

नमस्कार मंडळी,

ताडोबाचं बुकिंग झालं. कोलारा गेटच्या फेऱ्या मिळाल्या आहेत. तिथून नागपूरमार्गे अंदमान. स्वराज द्वीपला म्हणजे जुन्या हॅवलॉकला सहाजण डाइव्ह करणार आहेत आणि त्यातले चौघे पहिल्यांदाच पाण्याखाली जाताहेत.

एक प्रश्न मात्र राहिलाय. इकडे केर्न्सच्या बोटीवर आपण टीप देत नाही, कुणी तशी अपेक्षाही धरत नाही. तिकडे काय करायचं? जिप्सीचे म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीचे आणि गाईडचे पैसे आधीच भरलेत, मग पुन्हा द्यायचे का? बोटीवर कुणाच्या हातात द्यायचे? सुधीरदादा, तुम्ही इतकी वर्षं इथे डाइव्ह केलंत आणि आता चिमूरजवळ गावीच राहता. तुम्हीच सांगा.

मीनल

---

प्रेषक: सुधीर, चिमूर तालुका
विषय: उत्तर: डिसेंबरची सहल, टीप कुणाला आणि किती?

मीनल आणि सगळे,

तुम्ही याल तेव्हा धानाची मळणी चालू असेल, घरी नवा तांदूळ असेल. जेवायला घरीच या. आता टीपेबद्दल. जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

आधी डाइव्हिंगचं. जगात एकच नियम नाही. अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडाकडे, दर सिलिंडरमागे ५ ते १० डॉलर ही रीत आहे. बोटीवरच राहून आठवडाभर डाइव्ह करायच्या सहलींत एकूण खर्चाच्या १० टक्क्यांच्या आसपास देतात, ते पाकिटात घालून शेवटच्या दिवशी. मालदीवमध्ये बिलातच १० टक्के सेवाशुल्क लागलेलं असतं. ऑस्ट्रेलियात पगारच बरा असतो, म्हणून तिथे सवय नाही. अंदमानात ठरलेला आकडा नाही. दुकानात टीपेचा डबा आहे का आणि तो कुणाकुणात वाटला जातो, हे पहिल्याच दिवशी सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

डबा नसेल तर नुसत्या इन्स्ट्रक्टरला देऊन मोकळे होऊ नका. तो तुमच्याशी बोलतो, फोटोत असतो, म्हणून तोच लक्षात राहतो. पण पहाटे कॉम्प्रेसरवर सिलिंडरमध्ये २०० बार दाबापर्यंत हवा भरणारा, ते वाळूतून डुंगीपर्यंत म्हणजे छोट्या बोटीपर्यंत वाहून नेणारा आणि तुम्ही खाली असताना वर बुडबुड्यांवर नजर ठेवून बोट हाकणारा, यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. भरलेला एक सिलिंडर १५ किलोंच्या वर भरतो. असे किती उचलले असतील त्याचा हिशेब तुम्हीच करा.

आता मुद्द्याचं. टीप किती यापेक्षा ती कशाबद्दल देता, यानं जास्त फरक पडतो. आमच्या गावातली आठ-दहा पोरं कोलारा गेटवर आहेत, कुणी जिप्सी चालवतं, कुणी गाईड आहे. त्यांच्याकडून ऐकतो आणि डोळ्यांनीही पाहतो. पाहुणा गाडीत बसताच म्हणतो, "वाघ दाखव, खूश करून टाकीन." वाघ दिसला की हजाराची नोट. नाही दिसला तर गेटवर उतरून मागे न पाहता निघून जातात. आता ज्याच्या घरी पोरांची फी भरायची आहे, ज्याला पावसाळ्यात कोअर म्हणजे जंगलाचा गाभा बंद झाल्यावर फेऱ्याच नसतात, त्यानं काय शिकावं? वाघाच्या जितकं जवळ जाऊ तितके पैसे, हेच ना?

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. गोठणगावकडे एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या गराड्यात अडकले. व्हिडिओ पसरला, चालक-गाईडांवर निलंबनाची कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चालकांची चूक होतीच. पण त्या गाड्यांत मागे बसून "अजून थोडं पुढे घे" म्हणणारे लोकही होते, असं मी ठामपणे मानतो, कारण तसं बोलणं मी रोज ऐकतो.

ज्या वाघासाठी पाहुणे नोटा काढतात, त्याच वाघाच्या भीतीनं आमच्याकडच्या बाया मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला एकट्या जात नाहीत. मे महिन्यात तेंदूपत्त्याला घोळक्यानंच निघतात, आणि तरीही दरवर्षी जिल्ह्यात माणसं दगावतात. वाघाला गाड्यांनी हैराण केलं, त्याला माणसाची वाटणारी भीड मोडली, तर त्याचे परिणाम गावाला भोगावे लागतात. पाहुणे तोवर विमानात असतात.

समुद्रातही हेच होतं. कासव दाखव, ऑक्टोपस बाहेर काढ, फोटोसाठी तारामासा हातात दे. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून या फर्माइशी बोटीवरच होतात, आणि टीपेच्या आशेनं कोवळा डाइव्हमास्टर म्हणजे पाण्याखालचा वाटाड्या काठीनं बीळ ढोसतो. भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही खिशात घालायचा नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या चौघांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. "आम्ही पोहणारे आहोत, थोडं खोल ने, वरचे पैसे देऊ" असं कुणी म्हणू नये. इन्स्ट्रक्टर नाही म्हणाला तर त्या नकाराला टीप द्या. मी तरी देतो.

बोटीवरचं वागणं म्हणाल तर सूचना देत असताना गप्पा नकोत, हे पहिलं. वर आल्यावर हजेरी घेतात तेव्हा आपल्या नावाला आपणच उत्तर द्यायचं, दुसऱ्यानं "आहे आहे" म्हणायचं नाही. याच हलगर्जीपणानं माणसं समुद्रात मागे राहिली आहेत. सिलिंडर उभा सोडून जाऊ नका, बोट हलली की कुणाच्या तरी पायावर पडतो. शिडीवर कुणी चढत असेल तर त्याच्या खाली थांबू नका. कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या बादलीत काच धूसर होऊ नये म्हणून थुंकी लावलेला मास्क बुचकळू नका. सिलिंडरमध्ये ५० बार हवा उरली की वर यायचं ठरलं असेल, तर गाईडनं खूण केल्यावर "आणखी पाच मिनिटं" नको. जिप्सीचंही तसंच. गेटवर परतायला उशीर झाला तर दंड चालक-गाईडला बसतो, तुम्हाला नाही.

आकडा हवाच असेल तर माझ्या मते सगळ्या गाडीनं मिळून गाईडला ३०० आणि चालकाला ३००, दर फेरीला, वाघ दिसो न दिसो. रुपयांतच द्या. डॉलरची नाणी कृपा करून देऊ नका, इथली कुठलीच बँक ती बदलून देत नाही. आणि वाटेत गावातल्या पोरांकडे जिप्सीतून चॉकलेटं फेकू नका. पोरं गाडीमागे धावतात, आणि त्यांच्या आईबापांना ते आवडत नाही.

सुधीर

---

प्रेषक: अविनाश, ब्रिस्बेन

सुधीरदादा,

बाकी सगळं पटलं, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. वाघ शोधणं हे कौशल्य आहे. एखादा गाईड पगमार्क म्हणजे पंज्याचे ठसे पाहून, चितळाचा कॉल म्हणजे धोक्याची हाक ऐकून बरोबर जागी नेतो, दुसरा नुसता फिरवून आणतो. दोघांना सारखेच पैसे दिले तर चांगलं काम करणाऱ्यावर अन्याय नाही का होत?

अविनाश

---

प्रेषक: सुधीर, चिमूर तालुका

अविनाश,

प्रश्न रास्त आहे. कौशल्याला जरूर जास्त द्या, पण ते कौशल्य वाघ न दिसलेल्या फेरीतही असतं. लंगूर झाडावर खोकला, चितळानं शेपटी उभी केली, गाईडनं गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावलं, अर्धा तास वाट पाहिली आणि वाघ आलाच नाही. त्यानं काम चोख केलं. वाघ त्याच्या हुकमात नाही. समुद्रात पाणी गढूळ निघालं तर ते इन्स्ट्रक्टरच्या हातात असतं का? घाबरलेल्या माणसाचा हात धरून त्यानं सुखरूप वर आणलं, तर तेवढं पुरे आहे.

आणि एक करा. ज्यानं चार गाड्यांच्या गर्दीत आपली गाडी मागे ठेवली, त्याचं नाव गेटवर सांगा, लेखी अभिप्रायात लिहा. नोट त्या दिवशी खर्च होते, पण अभिप्रायावर पुढच्या हंगामात काम मिळतं.

पुतणी शेजारीच बसली आहे. ती गाईड आहे, तुमचे सगळे मेल तिला वाचून दाखवले. पुढचं तिच्याच शब्दांत टाइप करतो:

"नमस्कार जी. तुम्ही येऊन राहिले, आनंद वाटला. मले इतकंच सांगाचं हाये का, गाडीत बसल्याबरोबर आमचं नाव विचारा. पुष्कळ लोक 'ओ मॅडम, वाघ कुठं हाये' इतकंच बोलतात. सेंट लावून नका येऊ, भडक कपडे नका घालू. मोबाईल आत चालत नाही, तो गाडीत लपवून आनला तर आमच्यावर येते. आनि मले पैसे देता तर ड्रायवरदादालेबी द्या, समोरासमोर द्या. एकाले दिले आनि एकाले नाही दिले तर वापस येताना गाडीत कोनी बोलत नाही. वाघ नाही दिसला तर नाराज नका होऊ जी. मी तुमाले मोहाचं झाड दाखवीन, ऐनाचं दाखवीन, अस्वलानं वारूळ कसं फोडलं ते दाखवीन. तेबी पाहाचंच हाये."

सुधीर

---

प्रेषक: मीनल, ब्रिस्बेन

सुधीरदादा, आणि खास करून ताई, मनापासून आभार. काल आम्ही फोनवर बसून ठरवलं ते असं: निघण्याआधीच सगळ्यांकडून सारखी वर्गणी काढायची आणि रुपये करून वेगवेगळ्या पाकिटांत घालायचे. गाईडचं वेगळं, चालकाचं वेगळं. बोटीवर इन्स्ट्रक्टर, बोटवाले आणि सिलिंडर भरणारे अशी तीन. रक्कम फेरीच्या आधीच ठरलेली, त्यामुळे वाघ किंवा कासव दिसण्यावर काहीच अवलंबून नाही. अविनाशनं अभिप्राय लिहायचं काम घेतलंय.

वेळापत्रकात दोन बदल केलेत, कृपया नोंद घ्या. मंगळवारी ताडोबाचं कोअर बंद असतं, म्हणून तो दिवस सुधीरदादांच्या गावी जेवणासाठी ठेवलाय. आणि शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, म्हणून श्री विजयपुरमहून म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरहून परतीचं विमान एक दिवस पुढे ढकललंय. तिकिटातल्या फरकाचे पैसे शुक्रवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावेत.

मीनल