दुबईतलं महागडं जेवण : कुठे पैसे वसूल झाले?

दुबईहून परतलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये बुर्ज खलिफा असतो. जेवणाचं विचारलं की मात्र "मस्त होतं" एवढ्यावर विषय संपतो. रेस्टॉरंटांना एक ते तीन तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडची दुबईची यादी २०२२ मध्ये आली आणि आता ओळखीतले काहीजण खास जेवणासाठी तिकडे जायला लागलेत. म्हणून विचारते: काय खाल्लंत, कसं वाढलं, पुन्हा जाल का?

सुरुवात माझ्यापासून. पाम जुमेराह या कृत्रिम बेटावर शेफ हिमांशू सैनी यांचं ट्रेसिंड स्टुडिओ हे रेस्टॉरंट आहे. २०२५ मध्ये त्याला तिसरा तारा मिळाला. भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटला तीन तारे मिळण्याची जगातली ही पहिलीच वेळ. जागा छोटी, टेबलं मोजकी. घासभर पदार्थ एकामागून एक येत राहतात आणि 'एवढ्याने काय होणार' म्हणणारा माझा नवरा निम्म्या वाटेवरच पट्टा सैल करत होता. शाकाहारी मेन्यू वेगळा मिळतो, पण बुकिंग करतानाच सांगा. मी पुन्हा जाईन.

*

आम्ही उंचावरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी एका टोलेजंग हॉटेलात गेलो. नाव घेत नाही. खिडकीजवळच्या टेबलासाठी किमान खर्चाची अट वेगळी, आणि जुलै असल्यामुळे बाहेर नुसती पांढरट धूळ! समुद्र कुठल्या बाजूला आहे तेही वेटरला विचारावं लागलं. जेवण बेतास बात. देखाव्यासाठीच पैसे मोजायचे असतील तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा आणि सूर्यास्ताच्या आधीची वेळ मागून घ्या. पुरुषांनी हाफपँट-चपला हॉटेलवरच ठेवाव्यात, आत सोडत नाहीत.

*

मी दुबईतच राहते, करामा भागात. पाहुणे आले की त्यांना ऑर्फली ब्रदर्समध्ये नेते. अलेप्पोहून आलेले तीन सिरियन भाऊ, जुमेराहमध्ये वासल रोडला हॉटेल. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या रेस्टॉरंटांच्या '५० बेस्ट' यादीत २०२३ पासून सलग तीन वर्षं पहिला नंबर. त्यांच्याकडचा चेरीचा कबाब मागवाच. अलेप्पोच्या घराघरातला पदार्थ आहे: आंबटगोड, काळपट लाल रस्सा, वरून चिलगोज्यासारखे पाइन नट्स आणि दालचिनीचा वास. पहिल्या घासाला मांस आणि फळ एकत्र पटत नाही, तिसऱ्या घासाला पावाने ताटली पुसायला लागता. झुंबरं नाहीत, गुडघ्यावर नॅपकिन पसरून देणारं कुणी नाही. मला विचाराल तर अरब शहरात येऊन अरबी जेवणावर पैसे घालावेत. जपानी आणि इटालियन काय, मुंबईतही मिळतं.

*

वरच्या ताईंशी सहमत नाही. घरात कडक शाकाहारी सासूबाई असल्या की कबाब काय कामाचा? आम्ही 'अवतारा' रेस्टॉरंटला गेलो, पूर्ण शाकाहारी भारतीय जेवण, २०२३ मध्ये मिशेलिनचा तारा. वाढणारा मुलगा सावंतवाडीकडचा निघाला. आमचं मराठी ऐकल्यावर त्याने इंग्रजी माहिती बाजूला ठेवली आणि सासूबाईंना प्रत्येक पदार्थ मालवणीत समजावला. त्या अजून जेवणापेक्षा त्याच्याबद्दलच बोलतात.

*

थोडं बिलाबद्दल. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरं असतात ती वाचा. हॉटेलांमध्ये ५ टक्के व्हॅट, साधारण १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ७ टक्के पालिकेची फी बहुतेक वेळा दरातच धरलेली असते, त्यामुळे वर टिप द्यायचीच असं नाही. पाण्याची गोष्ट वेगळी. "स्टिल की स्पार्कलिंग?" असं विचारतात आणि थेट इटलीहून आलेली बाटली उघडतात. "लोकल वॉटर" असं स्पष्ट म्हणा. दारूवरचा ३० टक्के कर जानेवारी २०२५ पासून परत लागू झालाय, वाइन मागवण्याआधी दर बघा.

*

रमजानात गेलात तर मोठ्या हॉटेलांचे इफ्तारचे तंबू चुकवू नका. बुफे ठरलेल्या दरात असतो, सूर्यास्ताला सगळं दालन एकदम खजुराकडे हात नेतं. गहू आणि मटण एकजीव होईपर्यंत घोटलेला हरीस, वाळवलेलं लिंबू घातलेला मसालेभात म्हणजे मचबूस, आणि खजुराच्या पाकातले गरम लुगैमात, म्हणजे पिठाचे तळलेले छोटे गोळे. लुगैमात दोनदा घ्या.

*

सहा वर्षांची मुलगी बरोबर आहे. एका ठिकाणी टेस्टिंग मेन्यूला (एकामागून एक येणाऱ्या छोट्या पदार्थांच्या ठरलेल्या जेवणाला) लहान मुलं चालत नाहीत असं कळवलं. कुणी मुलांना घेऊन जाऊन आलंय का? नाताळच्या सुट्टीतलं बुकिंग या आठवड्यातच करायचंय.